वजनात घट

गोकुळ शिरगाव, शेड नंबर बावीस.
मिक्सर बंद झाला तरी कानात थोडा वेळ फिरत राहतो.
दस्तगीर झाकण उचलतो
आणि वाफेबरोबर तो गोडसर वास येतो,
नव्या वॉटरबॅगचा, नव्या बाहुलीच्या गालाचा.
लहानपणी मी बाहुली नाकाला लावून झोपायची.
आता त्या वासाचं नाव मला पाठ आहे.
नाव कळलं म्हणून आवड सुटते असं नाही,
पण मी दोन पावलं मागं सरते.

पीव्हीसी मुळात कडक.
पांढरी पूड, नुसती दाबली तर
पाइप होते, खिडकीची चौकट होते.
बाळाच्या हिरडीखाली दबणारं बदक करायचं
तर तिला तेल पाजावं लागतं,
शंभराला साठ.
आणि पाजलं म्हणजे मुरलं नव्हे.
ते रेणूंच्या दाटीत अंग चोरून राहतं,
नातं जोडत नाही,
आणि एक दिवस कुणाला न सांगता निघून जातं.
जुना होजपाइप कडकडतो तो म्हणून.

कुठं जातं?
मगदूम साहेबांना विचारलं, तर म्हणाले,
"मॅडम, ड्रमचा रेट विचारा. पत्ता कशाला विचारताय?"

मग गिऱ्हाईकानं चाळीस खोकी परत पाठवली.
पत्ता त्यानंच शोधून काढला होता.

पहिल्यांदा सोयाबीनचं तेल.
तीन आठवड्यांत बदकांच्या पाठीला घाम,
खोक्यात एकमेकांना चिकटून बसली,
उचलायला गेलं तर सगळा थवा उठायचा.
मग मळीवर बुरशी वाढवून काढलेल्या
लिंबाच्या आम्लापासनं केलेलं.
उसाच्या मुलखात राहून
मळीतनं हेही निघतं हे मला तिशीत कळलं.
ते गरम रोलवरच निम्मं उडालं,
दस्तगीर दिवसभर शिंकत होता,
आणि रेट ऐकून साहेबांनी चहा अर्धा टाकला.
तिसरं एरंडेलाचं.

त्यातलं एक बदक पर्समधनं घरी नेलं, सुभाषनगरला.
आबा पायतानाच्या पट्ट्यांना तेल पाजत बसले होते.
त्यांनी बदक घेतलं,
अंगठ्यानं दाबलं, कानाशी नेलं,
करकरतंय का बघावं तसं.
मग वास घेतला, मग थेट जिभेला लावलं.
मी ओरडले.
"एरंडेल हाय की ह्यात."
"व्हय आबा, त्यातनंच केलंय."
"मग ऱ्हायचं न्हाय, पोरी. चामड्यातबी ऱ्हात न्हाय.
आज पाजलं, उद्या माणसाच्या टाचंला लागतंय,
भुईला लागतंय.
जाणारच ते. जाताना कुणाचं वाईट करू ने, एवढंच बघायचं."
आणि पुन्हा पट्टी ओढून घेतली.

मी सात वर्षं लॅबमध्ये आहे.
हे वाक्य मला कुठल्याच कागदावर सापडलं नव्हतं.

आज सातवा दिवस.
कोळशाच्या भुकटीत, सत्तर अंशांत,
जुन्या तेलाचे तीन तुकडे, एरंडेलाचे तीन.
ओव्हन उघडताना दस्तगीर मागं येऊन उभा राहिला.
"ह्यातलं जुनं म्हंजे आपलं नेहमीचंच न्हवं?"
"हो."
"रिजेक्ट माल मी घरी न्यायचो, मॅडम.
तिन्ही पोरांचे दात त्यावरच आले."
पुढं काही विचारलं नाही त्यानं.
विचारलं असतं तरी
माझ्याकडं टक्केवारी होती, उत्तर नव्हतं.
हात पुसत तो मिक्सरकडं गेला.

चिमट्यानं पहिला तुकडा तागडीवर ठेवला,
काचेचं दार लावलं.
चौथ्या दशांशावरचा आकडा
थांबेना.
मी श्वास रोखून धरला.